खुर्च्यांविना छावणी : लष्करातल्या एका मंडळासाठी केलेलं लाकूडकाम

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळाला हिवाळ्यात, शहराबाहेरच्या एका शेतात, दोन दिवसांची छावणी भरवायची होती. तीसेक माणसांनी दौलतराव शिंद्यांच्या काळातले कपडे घालायचे, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं आणि बघायला येणाऱ्यांशी बोलायचं, असा बेत होता. काळ पक्का केला होता १८०९-१०. त्यामागचा विचार सरळ होता. १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो पुढे हललाच नाही. आजचं लष्कर हे त्याच तळाचं झालेलं शहर. कंपू, शिंदे की छावनी, बक्षी की गोठ असे पत्ते ज्यांच्या घरच्या पाकिटांवर लिहून येतात, त्यांना ही हौस सुचली नाही तरच नवल.

मी जुन्या फर्निचरची डागडुजी करतो. कपडे, तंबू, भांडी यांची सोय मंडळाने केली होती. लाकडाची यादी माझ्याकडे आली. यादीत होतं : घडीच्या खुर्च्या बारा, टेबलं चार, सरदारांसाठी दोन उंच आसनं, पलंग, पाणी ठेवायला स्टँड, ‘इतर शोभेचं सामान’. अटी दोन होत्या. सगळं लाकूड एका छोट्या लोडिंग टेम्पोत मावलं पाहिजे, आणि जोडायला-सोडायला सुतार लागता कामा नये.

या दोन अटी मला यादीपेक्षा जास्त आवडल्या. रोज मुक्काम हलवणाऱ्या फौजेचं सामानही अशाच दोन अटींवर चालतं. आज टेम्पो आहे, तेव्हा उंट आणि बैल होते, एवढाच फरक.

खुर्चीचं काय करायचं

यादीसोबत एक फोटो जोडला होता : लाकडी दांडे, कॅनव्हासची बैठक, हाताला चामड्याचे पट्टे. दिसायला एकदम ‘छावणीतली’. ही रुडकी खुर्ची. इंग्रजी फौजेच्या सॅपर्स (लष्करी इंजिनियर) पलटणीचं ठाणं असलेल्या रुडकीच्या नावाने ती ओळखली जाते. रचना फार हुशारीची आहे. खरादावर काढलेले चार पाय, त्यांना जोडणारे चार दांडे, दांड्यांची टोकं निमुळती गोल. ती पायांच्या भोकांत नुसती सरकवायची. गोंद, स्क्रू काहीच नाही. बसणाऱ्याच्या वजनाने कॅनव्हास ताणला जातो आणि सांधे आपोआप घट्ट होतात. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात, कारण सगळा सांगाडा थोडा मुरडू शकतो. पुढे १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कारे क्लिंटने याच खुर्चीवरून आपली प्रसिद्ध सफारी खुर्ची बेतली. पण रुडकी खुर्ची येते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. दौलतरावांच्या तळावर ती ठेवणं म्हणजे पानिपतावर रेल्वे आणणं.

मंडळातल्या तरुणांचं म्हणणं होतं, मग रुडकी नको, दुसरी एखादी ‘मराठा पद्धतीची’ खुर्ची शोधू. इथे खरी अडचण होती. सापडण्यासारखी अशी खुर्ची नाहीच. त्या काळचा मराठी दरबार, कचेरी, घर, सगळं बैठकीवर चालायचं. खाली जाजम, त्यावर सतरंजी, वर पांढरी चादर, मानाप्रमाणे गादी, लोड, तक्क्या. १७९० च्या पुण्यातल्या तहाचा दरबार टॉमस डॅनिएलने रंगवलेला आहे, चित्र पुरं झालं १८०५ ला; त्यातही पेशव्यांचा सगळा दरबार बैठकीवरच आहे. माणसाची पायरी आसनाच्या उंचीवरून नव्हे, तर गादीपासूनच्या अंतरावरून कळायची. त्यामुळे ‘दोन उंच आसनं’ हीसुद्धा सिनेमातून आलेली मागणी होती. ती मी पहिल्याच बैठकीत खोडली, आणि थोडी नाराजी ओढवून घेतली.

दुसरा आधार हाताशी होता तो टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांचा. शिंद्यांच्या दरबारातल्या रेसिडेंटच्या, म्हणजे इंग्रजांच्या वकिलाच्या, संरक्षक तुकडीचा तो प्रमुख होता आणि १८०९ चं जवळपास सगळं वर्ष या फिरत्या तळाबरोबर राजपुतान्यात होता; पत्रं लंडनला १८१३ मध्ये छापली गेली. तळ कसा पडतो हे त्याने नीट लिहून ठेवलंय. बिनीवाला आधी पुढे जातो, महाराजांच्या ड्योढीच्या (राहत्या तंबूंच्या) जागी छोटं पांढरं निशाण रोवतो, मग बाजारांची निशाणं लागतात आणि त्यांच्या हिशेबाने गल्ल्या पडतात. साहेब कुरकुऱ्या आहे, मराठ्यांबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही. पण मांडणीच्या बाबतीत तो उपयोगी पडतो. त्याचं वाचून मंडळाने शेतात आधी निशाणं रोवायचं ठरवलं आणि मला प्रत्येक तंबूत काय लागेल याचा नकाशा मिळाला.

तरी गुडघ्यांचा प्रश्न उरलाच. मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणतात, यांनी तो स्पष्टच मांडला. “अहो, इतिहास बरोबर आहे तुमचा. पण दोन दिवस मांडी घालून बसले तर तिसऱ्या दिवशी मला उचलून न्यावं लागेल.”

यावर उत्तर खुर्चीत शोधायची गरज नव्हती. बाज होती की. म्हाताऱ्या माणसाने बाजेच्या काठावर पाय सोडून बसणं यात कुठल्याच शतकात काही वावगं नाही. एरवी मी बाज फूटभर उंचीची केली असती. इथे ती सोळा इंचांची केली, म्हणजे बसून उठताना गुडघ्यावर भार येत नाही. बघायला येणाऱ्यांसाठी दोरीच्या बाहेर आजची बाकं ठेवायची, ती जुनी असल्याचा आव आणायचा नाही.

आणि ज्यांना खुर्ची-टेबल हवंच होतं त्यांच्यासाठीही एक रास्त जागा निघाली. शिंद्यांच्या कंपूंत, म्हणजे कवायती पलटणींत, युरोपियन अधिकारी होतेच : द बॉयन्य, त्यानंतर पेराँ, आणि १८०९ च्या सुमाराला जॉन बॅप्टिस्ट फिलोज. (ग्वाल्हेरकरांना फिलोज हे नाव जयविलास महालामुळे माहीत असतं; तो १८७४ चा महाल बांधणारा मायकेल फिलोज याच घराण्यातला.) तेव्हा एक राहुटी फिरंगी सरदाराची ठेवली. त्यात फुलीच्या आकाराची घडीची तिवई आणि पाय काढता येतील असं एक टेबल. बारा खुर्च्यांच्या जागी दोन तिवया, चार टेबलांच्या जागी एक. टेम्पोतली अर्धी जागा तिथेच मोकळी झाली.

शेवटी काय बनवलं

घागरी ठेवायला दोन घडवंच्या, तीन बाजा, कारकुनाची पेटी, पोथीसाठी ठवणी, चार चौरंग, डझनभर पाट, भाले-तलवारी टेकवायला एक घोडी, आणि फिरंगी राहुटीतलं ते सामान. पाट आणि चौरंगांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते आपल्या घरात आहेत तसेच तेव्हा होते, आणि निम्मे पाट तर लोकांनी घरूनच आणले. घोडीही साधीच. डोकं लागलं ते घडवंची, पेटी आणि ठवणीला.

घडवंची

दिसायला सगळ्यात सोपी वस्तू. चार तिरके पाय, वर चौकट, चौकटीवर दोन घागरी. पण भरलेल्या तांब्याच्या दोन घागरी म्हणजे तीस लिटर पाणी, वर तांब्याचं वजन. पस्तीस-चाळीस किलो दिवसभर एकाच जागी उभं. शेताची जमीन भुसभुशीत. चार टोकदार पाय म्हणजे चार खुंट्याच, एक बाजू खचली की पाणी बाजेखाली. म्हणून पायांच्या तळाला दोन आडवे पट्टे दिले, म्हणजे भार पसरतो.

सांधे सुटे ठेवायचे होते. आडव्या दांड्याची कूस (टोकाला काढलेली जीभ) पायातून आरपार काढायची आणि बाहेर आलेल्या टोकात पाचर मारायची. पाचर काढली की सगळं सुटतं. हा सांधा फार जुना आणि भरवशाचा.

कारखान्याच्या अंगणात सराव केला तेव्हा घागरी भरून रात्रभर ठेवल्या. पाणी हिंदकळून खाली झिरपलं, आणि सकाळी एकही पाचर निघेना. लाकूड ओलं झालं की लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. पाचरही फुगली, कूसही फुगली, भोक मात्र तेवढंच. हातोडीने ठोकून काढायचं तर पाय फाटायची भीती. छावणी उठवायच्या सकाळी हे झालं असतं तर टेम्पोवाला उभा आणि आम्ही घडवंची उन्हात वाळत घालतोय, असं दृश्य झालं असतं.

उपाय तीन केले. पाचरी आणि कुशी गरम मेण-तेलात मुरवल्या, म्हणजे पाणी उशिरा शिरतं. पाचरीचं निमुळतं टोक खालून बोटभर बाहेर येईल एवढी लांबी ठेवली, म्हणजे मोगरीने उलट्या बाजूने हलकेच ठोकता येतं. आणि पाचरीचा उतार वाढवला : पूर्वी बाराला एक होता, तो आठाला एक केला. उतार फार कमी असला तर पाचर घट्ट बसते खरी, पण सुटत नाही. फार जास्त असला तर हादऱ्याने आपणहून बाहेर येते. माझ्या कारखान्यातल्या मिस्त्रीजींचं मत वेगळं होतं. “भैया, लकड़ी पूरी सूखी हो तो ये सब करना ही न पड़े,” ते म्हणाले. खरं आहे, पण घागरीखालचं लाकूड सुकं राहावं ही अपेक्षा जरा जास्तच.

कारकुनाची पेटी

फिरता तळ तलवारीइतकाच कागदावर चालायचा. हजेऱ्या, पगारपट, बाजारचे कर, बातमीपत्रं, सगळं मोडीत. कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधलेले. म्हणून एक पूर्ण राहुटी कचेरीची ठेवली, आणि तिच्या मध्यभागी ही पेटी.

उतरत्या झाकणाची, मांडी घालून बसल्यावर पोटासमोर येईल अशी. पुढची उंची चार इंच, मागची आठ, रुंदी वीस, खोली चौदा. आत डावीकडे बोरू आणि चाकू, उजवीकडे दौत, शाई वाळवायला वाळूची डबी, मागे रुमाल मावेल असा कप्पा. दौतीचा कप्पा मुद्दाम सगळ्यात खोल केला आणि तिच्या बुडाच्या मापाचा, म्हणजे पेटी उचलताना ती कलंडत नाही. उतारावर कागद घसरू नये म्हणून खालच्या कडेला बारीक पट्टी. ही पट्टी काहींना ‘आधुनिक’ वाटली. मला वाटतं उतारावर लिहिणाऱ्या कुणालाही ती पहिल्याच दिवशी सुचली असणार.

झाकणाने विचार करायला लावलं. ग्वाल्हेरची हवा लाकडाची वैरी आहे. मे महिन्यात लू चालते तेव्हा लाकडातला उरलासुरला ओलावाही उडून जातो, आणि ऑगस्टमध्ये तेच लाकूड पुन्हा पाणी पितं. या फेऱ्यात चौदा इंच रुंदीची सागवानी फळी दोन-चार मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. ती चारही बाजूंनी चिकटवून टाकली तर कुठेतरी तडकणारच. झाकण दोन फळ्यांचं केलं, दोन्ही टोकांना आडवी पट्टी खाचेत बसवली, आणि पट्टीला सरस फक्त मधल्या दोन इंचांत लावला. फळी आत-बाहेर सरकायला मोकळी, पण वाकायला मोकळी नाही. पेटीचे चार कोपरे हाताने कापलेल्या डोव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या) सांध्याचे. बिजागरी आणि कडी-कोयंडा लोहाराकडून ठोकून घेतला. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत पितळी बिजागऱ्या या पेटीवर दागिन्यासारख्या दिसतात.

ठवणी

ही बाईंच्या आग्रहाने आली. संध्याकाळी एका राहुटीत पोथी वाचायची होती. जुनी ठवणी एकाच फळीची असते; जोड, खिळा, बिजागरी, काहीच नसतं. फळीच्या मधोमध एक पट्टा आखायचा, त्याची सारख्या रुंदीची, विषम संख्येची घरं पाडायची, आणि एकाआड एक घर वरून व खालून पटाशीने असं कोरायचं की प्रत्येक घराची गोल गाठ तयार होईल. मग दोन्ही टोकांकडून करवत फळीच्या जाडीच्या मधोमध चालवत गाठींपर्यंत आणायची. फळी चिरली जाते, पण गाठी एकमेकींत अडकलेल्या राहतात. हळूच उघडली की फुली तयार.

ऐकायला सोपं आहे. फळी इंचापेक्षा पातळ असेल तर गाठी तुटतात, आणि लाकडाच्या रेषा तिरक्या असतील तर गाठीपाशी लाकूड सालीसारखं निघतं. सरळ रेषांची, बिनगाठीची शिसवाची फळी शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढा कोरण्यात गेला नाही. मिस्त्रीजींनी लहानपणी आपल्या उस्तादांना अशी रेहल (हिंदीत ठवणीला हेच म्हणतात) करताना पाहिलं होतं. स्वतः केली ती या कामात. पहिली मिटली ती उघडलीच नाही. दुसरी चालली.

लाकूड, खिळे आणि रंग

वजनामुळे मुख्य लाकूड सागवान घेतलं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, इंचभर जाडीची सागवानी फळी साधारण तीन किलो भरते, तेवढीच शिसवाची साडेतीनच्या वर. एका वस्तूत हा फरक कळत नाही, टेम्पोभर सामानात कळतो. पाचरी, बाजेचे पाय आणि घडवंचीचे पट्टे मात्र बाभळीचे. मार खाणाऱ्या जागी बाभूळच बरी.

खिळे-स्क्रूबद्दल नियम कडक ठेवला. टोकदार लाकडी स्क्रू बाजारात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, तारेचे गोल खिळे त्याहून पुढे, आणि फुलीच्या खाचेचा स्क्रू तर विसाव्या शतकातला. १८०९ च्या वस्तूवर यातलं काहीही दिसलं की जाणकार माणूस तिथेच थांबतो. जिथे खिळा हवाच तिथे लोहाराने घडवलेला चौकोनी. यंत्रावर चिरलेल्या फळीवर गोल करवतीच्या चंद्रकोरी खुणा राहतात. त्या दिसत्या बाजूंवरून हातरंध्याने काढल्या. आतल्या, खालच्या बाजू तशाच सोडल्या, कारण मंडळाचं बजेटही एक वास्तव होतं.

रंगाला लाखेचं पॉलिश नको म्हटलं. काळाला ते चालतं, पण जानेवारीच्या धुक्याला चालत नाही. ओल लागली की लाखेवर पांढुरके डाग येतात. जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण, दोन-तीन हात. एक इशारा इथे द्यायलाच हवा : जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशा गोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंध्या दोरीवर पसरून वाळवायच्या, मग फेकायच्या.

शेतावर

टेम्पो एकाच खेपेत भरला, वर सतरंज्यांना जागा उरली. जोडणी मंडळातल्या मुलांनी केली. सांध्यांवर आम्ही पटाशीने खुणा कोरल्या होत्या : एक रेघ, दोन रेघा, फुली. अक्षरं-आकडे टाळले, म्हणजे कुणी बघितलं तरी डोळ्यात येत नाही आणि अंधारात बोटांनाही कळतं.

बाजांनी रात्री एक गंमत केली. दोरीचा ताणच बाजेचा सांगाडा आत खेचून धरतो, म्हणून तिला गोंद लागत नाही. पण सुती नवार दवाने ओली झाली की आखडते. पहाटे बाज ढोलकीसारखी ताणलेली, दुपारी उन्हाने झोळ. पायथ्याच्या दोऱ्या रोज दोनदा सैल-घट्ट कराव्या लागल्या. मुंज गवताच्या दोरीची तिसरी बाज तुलनेने शांत राहिली, पण अंगाला टोचते म्हणून तिच्यावर झोपायला कुणी तयार नव्हतं.

घडवंच्या खचल्या नाहीत. पाचरी दुसऱ्या दिवशी निघाल्या, एक सोडून. तिला थोडं ऊन दाखवावं लागलं.

कचेरीच्या राहुटीत सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले. बोरू हातात घेऊन मोडीत स्वतःचं नाव काढायला मुलांची रांग होती, आणि उतरत्या झाकणावरची ती ‘आधुनिक’ पट्टी कुणाला खटकली नाही. फोटो मात्र सगळ्यात जास्त काढले गेले फिरंगी राहुटीत. टेबल आणि तिवई पाहून येणाऱ्यांना ‘हे छावणीसारखं वाटतं’ असं वाटत होतं, आणि शेजारची गादी-लोडाची राहुटी त्यांना घरातल्या लग्नासारखी दिसत होती. याला लाकूडकामात उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एका मुलाने फिरंगी राहुटीच्या दाराशीच उभं राहून सांगायला सुरुवात केली, की या तळावर उंच बसणारा माणूस हा पाहुणा आहे, मालक तिकडे खाली बसलाय. त्यानंतर लोक दोन्हीकडे फिरले.

सामान आता मंडळाच्या खोलीत सुटं करून ठेवलंय. पाट आणि चौरंग ज्यांचे त्यांच्या घरी गेले, ठवणी एका देवळाने मागून नेली. पुढच्या खेपेसाठी शिध्याचे दोन पेटारे करायचे ठरतंय, उंटाच्या दोन्ही बाजूंना समतोल बसतील अशा जोडीचे. बाईंची एकच सूचना आहे : आधी सोळा इंची बाजा आणखी दोन.